तिसऱ्या गाण्यात आवाज जातो (मेटल बँड, ग्वाल्हेर)

लष्करचा_गळा

नमस्कार मंडळी. इथं बरेच महिने नुसता वाचक आहे. धागा पहिलाच काढतोय आणि तो थोडा लांबणार आहे.

मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागात आमचं घर. चौघांचा बँड आहे: गिटार, बेस, ड्रम आणि मी. गाण्यांत माझा अर्धा भाग स्वच्छ आवाजात असतो, अर्धा ग्राउल (खर्जातली खरखरीत गुरगुर) आणि स्क्रीम (किंचाळी). तीन वर्षं झाली. हे सगळं मी रेकॉर्डिंग ऐकून, नक्कल करत शिकलो. कोणी समोर बसवून शिकवलेलं नाही.

जानेवारीत एका कॉलेजच्या महोत्सवात आमची पाच गाणी होती. तालमीला आम्ही दोन-दोन तास वाजवतो आणि घसा टिकतो. त्या दिवशी दुसऱ्या गाण्यापासून मला माझाच आवाज ऐकू येईना. ड्रम पाठीत बसत होते, गिटारचा अँप कानाशी. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी एक लांब स्क्रीम आहे. ती ओढताना घशात काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि पुढं नुसती हवा. शब्दच फुटेना. उरलेली दोन गाणी पोरांनी बिनगाण्याची वाजवली आणि मी माइक धरून उभा राहिलो.

डॉक्टरांनी दुर्बिणीनं पाहिलं. गाठ नाही, पण स्वरतंतूंना चांगलीच सूज होती. दोन आठवडे मौन सांगितलं, ते पाळलं. आता सहावा आठवडा आहे. बोलणं पूर्ववत झालंय, पण ग्राउल करायची हिंमत होत नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या घरात ख्याल आहे. आजोबा ८४ वर्षांचे, आयुष्यभर गाणं शिकवलं. लहानपणी त्यांनी मला हस्सूखाँची गोष्ट किती वेळा सांगितली असेल, गणती नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हद्दूखाँ आणि हस्सूखाँ हे भाऊ ग्वाल्हेर दरबारचे गायक. बडे महंमदखाँची तान त्यांनी लपून ऐकून उचलली, असं सांगतात. पुढं भर दरबारात बडे महंमदखाँनी हस्सूखाँना मियाँ मल्हारातली 'कडक बिजली'ची तान पुन्हा घ्यायला लावली. ती घेताना हस्सूखाँची बरगडी मोडली, तोंडातून रक्त आलं. हस्सूखाँचे आजोबा नत्थन पीरबख्श तिथंच होते. त्यांनी रक्त पुसलं आणि म्हणाले, मरायचंच असेल तर तान पुरी करून मर. तान पुरी झाली. हस्सूखाँ त्यातच गेले.

ही आख्यायिका आहे, मला माहीत आहे. पण आजोबा ती सांगताना ताठ बसतात. जानेवारीत स्टेजवर आवाज फाटतोय हे मला कळत होतं. मी थांबलो नाही, कारण ती गोष्ट डोक्यात होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तर प्रश्न असे. तालमीत टिकणारा गळा स्टेजवर का जातो? ग्राउल करून घसा वर्षानुवर्षं शाबूत ठेवणं खरंच शक्य आहे का? आणि आमच्या गावात लोक खुर्च्यांवर बसून ऐकतात, पहिल्या रांगेत आई-बाबा आणि प्राध्यापक. त्यांच्यापुढं उभं कसं राहायचं?

जिवाजीगंज

वाचतोय. तब्येत सांभाळ रे भाऊ. रुमाल टाकून ठेवतो.

कंठमणी

मी इंदूरला स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्याकडे शिक्षिका, वकील, लिलाव पुकारणारे येतात. गेल्या काही वर्षांत तुझ्यासारखी मुलंही येऊ लागली आहेत. आधी एक सांगते: नेटवर वाचून घसा तपासता येत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून घे, जमलं तर स्ट्रोबोस्कोपी. तिच्यात स्वरतंतूंची लाट दिसते, नुसती सूज नाही.

आता आतलं चित्र. आपण बोलतो ते खऱ्या स्वरतंतूंनी. पुरुषाच्या बोलण्यात ते सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे वेळा एकमेकांवर आपटतात, बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. त्यांच्या थोडं वर आणखी एक जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. बोलताना त्यांचं काम नसतं. जड पोतं उचलताना तोंडातून जो 'हं' निघतो ना, त्या वेळी ते जवळ येतात. चांगल्या ग्राउलमध्ये खरखर बरीचशी या वरच्या जोडीची आणि तिच्या आसपासच्या पडद्यांची असते. रशियातल्या तुवा प्रांतातले लोक खर्जातलं जे गळ्याचं गाणं गातात, त्यातही ही जोडी खऱ्या तंतूंच्या निम्म्या वेगानं हलते. म्हणजे हा आवाज माणसाला नवा नाही आणि तो मुळातच घातक आहे असंही नाही. लॉर्ना शोअर बँडचा गायक विल रामोस यानं घशात कॅमेरा घालून ग्राउल करून दाखवलंय, ते चित्रण जरूर बघ. एवढ्या भयंकर आवाजाच्या मागं घसा किती नेमकं काम करतो ते दिसतं.

बिघडतं ते असं: श्वासाचा आधार सुटतो, मग माणूस खरे तंतू आवळून, जोरानं हवा ढकलून तोच आवाज काढायला जातो. खरखर होते, पण ती खालच्या जोडीच्या अंगावर. सूज, मग गाठी, कधी रक्तस्राव. गाठी बहुतेक वेळा तंतूच्या पुढच्या एक तृतीयांश भागापाशी येतात, कारण आपटण्याचा जोर तिथं सर्वांत जास्त. 'काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि नुसती हवा' असं पुन्हा कधी झालं, तर त्याच क्षणी गप्प व्हायचं. त्या रात्री कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजतानाही अनेकजण घसा आवळतात.

आणि एक गैरसमज. पाणी पिऊन स्वरतंतू ओले होत नाहीत. पाणी अन्ननलिकेतून जातं, तंतूंना शिवतही नाही. शरीरात पाणी पुरेसं असेल तर ते हळूहळू ओलसर राहतात, म्हणजे कार्यक्रमाचं पाणी दिवसभर प्यायचं. वाफ मात्र थेट पोचते.

काळा_टीशर्ट

कंठमणीताई, फार उपयोगी लिहिलंत.

मी पन्नाशीला टेकलोय, आता पुण्यात असतो, पण शाळा ग्वाल्हेरची. मार्च २००७ मध्ये बंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन हा मेटल बँड आला, तेव्हा रेल्वेनं गेलो होतो. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन त्या दिवशी जे धावत होता, उड्या मारत होता, ते बघून मला वाटलं हा माणूस श्वास घेतो तरी कधी. नंतर चित्रफिती शंभर वेळा पाहिल्या. तो धावतो ते गिटारच्या तुकड्यांत. लांब सूर लावायची वेळ आली की पाय रोवतो, बऱ्याचदा एक पाय मॉनिटरवर (गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा, स्टेजवरचा स्पीकर). प्रेक्षकाला वाटतं तो अखंड पळतोय.

आणि याच माणसाला पुढं जिभेच्या मुळाशी कर्करोग निघाला. २०१५ मध्ये उपचार झाले आणि २०१६ मध्ये तो पुन्हा जगभर गात फिरत होता. सरावाने कमावलेला गळा काय असतो ते तिथं कळतं.

हेडबँगिंगचंही तेच. मान झोकायची ती रिफवर (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर), शब्दांवर नाही. मान पुढं गेली की घसा चिमटतो.

मंद्रसप्तक

बाळ, तू ग्वाल्हेरच्या घरातला आहेस म्हणून मोकळेपणानं लिहिते. मी बडोद्याला असते, माहेर ग्वाल्हेरचं. चाळीस वर्षं शिकवते आहे.

हस्सूखाँची गोष्ट मीही अशीच ऐकत मोठी झाले आणि तुझ्या वयाची असताना मलाही ती रोमांचक वाटायची. शिकवायला लागल्यावर मला तिच्यातलं एक वाक्य टोचू लागलं. तान 'पुन्हा' घ्यायला लावली. जी तान दमसास राखून एकदाच घ्यायची, ती प्रतिस्पर्ध्यानं मुद्दाम दुसऱ्यांदा मागितली. ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात, पण तिच्यात एक गायक दुसऱ्याला त्याच्या श्वासाच्या मर्यादेपलीकडं ढकलून मारतो. घराण्यानं ती शतकभर जपली ती सावध राहायलाही असेल, असं मला वाटतं. आजोबांना विचार.

आणि त्याच घराण्यात कृष्णराव शंकर पंडित झाले. जन्म १८९३, मृत्यू १९८९. उतारवयातलं त्यांचं गाणं ऐकलेली माणसं ग्वाल्हेरात अजून आहेत. खुला, दणकट आवाज, जोरकस गमक, वर लयीचा मारा. जोर कमी नव्हता. पण तो घशातून काढलेला नव्हता, बरगड्या फुलवून राखलेल्या श्वासातून यायचा. आपल्याकडे 'आवाज लावणं' म्हणतात, 'आवाज काढणं' म्हणत नाहीत, हे तू घरातच ऐकलं असशील.

पहाटेचा खर्ज तू सोडून दिलास का? तो पुन्हा सुरू कर. मंद्र षड्जावर आकार, आवाज लहान, श्वास लांब. तुझ्या संगीतातली खरखर मला कळत नाही आणि ख्यालात ती शिकवतही नाहीत, तेव्हा त्याबद्दल मी बोलणार नाही. पण खालचं जोतं एकच आहे.

बेभान_बीट

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. मेटल आणि हार्डकोर हे मुळात गळा फाडून ओरडण्याचं संगीत आहे. राग, दुःख, घुसमट. ते 'आधार', 'ओलावा', 'दुर्बीण' करत गायलं तर त्यातला जीव जाईल. मला स्टेजवरचा फाटलेला आवाज खरा वाटतो. पॉलिश केलेला ग्राउल ऐकला की यंत्र ऐकल्यासारखं होतं.

सांजवेल

बेभान_बीट, तुमचं म्हणणं मी मनापासून समजू शकते, कारण मी तसंच मानत होते. मी इंदूरच्या एका बँडमध्ये ग्राउल करायचे, आता नाशिकला असते. तुम्ही ज्याला खरं म्हणता तो आवाज मी सहा महिने काढला. सातव्या महिन्यात काढता येईना. राग तेवढाच होता, फक्त तो बाहेर यायची वाटच बंद झाली.

तंत्र शिकल्यावर मला काय मिळालं सांगते. आता शेवटच्या गाण्यातही माझ्याकडे आवाज शिल्लक असतो, म्हणून रडावंसं वाटलं तर मी खरंच रडू शकते. आधी शेवटच्या गाण्यात माझं सगळं लक्ष घशाच्या दुखण्यावर असायचं. मग गाण्यातला राग प्रेक्षकांपर्यंत जाणार कसा?

मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डचंही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला असंच झालं. आवाज बसला, तो शिक्षकाकडे गेला आणि गाण्याआधी गळा तापवायला लागला. त्याच्या गाण्यातला राग कमी झाला असं कोणी म्हणेल का?

लष्करचा_गळा, तुझ्यासाठी दोन गोष्टी. पहिली: ग्राउल हा आवाज खोलीत ऐकला तर फारसा मोठा नसतो. तो मोठा वाटतो, कारण त्यात खरखर आणि खर्ज भरलेला असतो. मी घरी बोलण्याच्या आवाजात सराव करते, शेजारच्या काकूंना पत्ताही लागत नाही. ज्या दिवशी शेजारी तक्रार करतील त्या दिवशी समजायचं की आपण चुकीचं करतोय. दुसरी: ग्राउल संपल्यावर लगेच एक स्वच्छ सा लावून बघ. तो आधीसारखा लागला तर ठीक. त्यात हवा मिसळली किंवा खोकल्याची उबळ आली, तर त्या दिवसाचा सराव तिथंच बंद.

मुली वाचत असतील तर त्यांच्यासाठी: पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस स्वरतंतूंना थोडी सूज असते, आवाज जड लागतो. त्या दिवसांत लांब स्क्रीम मी टाळते. वेदनाशामक गोळ्यांपैकी काहींनी रक्त पातळ होतं, म्हणून कोणती घ्यायची ते डॉक्टरांना 'मी गाते' असं सांगून विचारते. आणि 'मुलगी असून' हा शब्द ऐकला की मला २००० साली आर्च एनिमी या मेटल बँडमध्ये आलेली गायिका अँजेला गोसो आठवते. तिचं नाव न सांगता रेकॉर्ड ऐकवलं तर लोक पुरुषच समजायचे. खोट्या स्वरतंतूंना बाई-पुरुष कळत नाही.

लष्करचा_गळा

मंद्रसप्तक मावशी (मावशीच म्हणतो, माहेर ग्वाल्हेरचं आहे ना), 'पुन्हा' हा शब्द मी इतकी वर्षं ऐकलाच नव्हता. रात्रभर तेच डोक्यात होतं.

सांजवेलताई, शेजाऱ्यांची खूण लागू पडली. मी गाडीच्या काचा लावून सराव करायचो, कारण घरी सगळे दचकायचे. म्हणजे तालमीतही मी ढकलतच होतो. तिथं ते खपत होतं इतकंच.

फेडर_वर

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धं माझ्या खात्यात येतं. मी लाइव्ह साउंड करतो, बडोद्यात आणि आसपास. नवरात्रात गरबा, बाकी वर्षभर जे येईल ते. मेटलचे कार्यक्रमही केलेत.

आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, लग्नाच्या वरातीत बोलून बघा. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. ड्रमशेजारी आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. तिथं तुला तुझा आवाज ऐकू आला नाही की तू ढकलणारच. कितीही तंत्र शिक, ऐकू आलं नाही तर तंत्र हातातून सुटतं. म्हणून स्टेजवरचा गळा निम्मा मॉनिटरवर अवलंबून असतो.

तेव्हा पुढच्या वेळी असं करा.

गिटारचा अँप गायकाच्या कानाच्या रेषेतून काढा, बाजूला तिरपा करा, वादकाच्या कानाकडे तोंड करून. तो स्वतःच आवाज कमी करेल.

माइक साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) असेल, म्हणजे आपल्याकडे सगळीकडे मिळतो तो शुअर एसएम ५८ किंवा त्याच्या जातीचा, तर तो मागच्या बाजूनं सर्वांत कमी ऐकतो. मॉनिटर तुझ्या बरोबर समोर, माइकच्या शेपटीच्या रेषेत ठेव. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद ऐकणारा) असेल तर मॉनिटर थोडा बाजूला, कारण त्याची बहिरी जागा तिरपी मागं असते.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि मेटलवाल्या प्रत्येक पोराला मी हे सांगतो. माइकच्या जाळीला मूठ वळून धरू नकोस. दिसायला जबरदस्त दिसतं आणि कानाशी आवाज जाड वाटतो, हे खरं. पण जाळीच्या मागच्या फटी बंद झाल्या की माइकची दिशा जाते, तो चहूकडून ऐकायला लागतो, मॉनिटर शिट्टी मारतो. मग माझ्यासारखा माणूस तुझा मॉनिटर खाली ओढतो. म्हणजे मूठ तू वळलीस आणि ऐकू येणं तुझंच बंद झालं. त्यातून घसा गेला. जानेवारीत माइक कसा धरला होतास?

लष्करचा_गळा

मूठ वळून. फोटो आहेत. दुसऱ्या गाण्यापासून शिट्टी येत होती आणि मला वाटलं सिस्टमच वाईट आहे.

फेडर_वर

मग साखळी लागली की नाही बघ. आणखी दोन गोष्टी. साउंडवाला बहुतेक वेळा भजनसंध्या आणि ऑर्केस्ट्रा करणारा असतो, त्याच्या सवयीनं तो गळ्यावर एको टाकतो. साउंडचेकला जवळ जाऊन आदरानं सांगा, 'दादा, एको काढा, आणि ड्रमच्या वर गळा ठेवा.' एखादं गाणं मोबाइलवर ऐकवा. त्याला हे संगीत माहीत नसेल, पण कान चांगले असतात, पाच मिनिटांत समजतो. आणि एका कानात इअरप्लग घालून गाऊन बघ. हाडांतून स्वतःचा आवाज आत ऐकू येतो, ढकलायची हौस कमी होते.

जिवाजीगंज

धुराचं यंत्र होतं का रे? आमच्या कॉलेजात गायकाच्या अगदी पायाशी ठेवलं होतं.

कंठमणी

चांगला मुद्दा. तो धूर घसा कोरडा करतो, यंत्र ड्रमच्या मागं ठेवायला सांगा. ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि एसी यांनीही तेच होतं. तालमीच्या खोलीत पाण्याचा कूलर असेल तर तो बरा, हवेत ओल राहते.

खाण्याचंही सांगते. तालीम रात्री दहाला संपते, मग कचोरी, मग थंड लस्सी, मग झोप. पोटातलं आम्ल झोपेत घशापर्यंत येतं आणि स्वरतंतूंच्या मागच्या बाजूला लाली आणतं. छातीत जळजळ व्हायलाच हवी असं नाही. सकाळी घसा खाकरावा लागतो, आवाज उशिरा उघडतो, एवढ्याच खुणा. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेव.

रोजच्या व्यायामात हे घे: ग्लासात चार बोटं पाणी, त्यात स्ट्रॉचं टोक दोन सेंटिमीटर बुडव आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढ. खालून वर, वरून खाली, पाच मिनिटं. तोंडाशी थोडा अडसर आला की वरून परतणारा दाब तंतूंना हलकेच अलग ठेवतो, ते कमी जोरानं आपटतात. ओठ थरथरवणं, तोंड मिटून गुणगुणणं, भ्रामरी, सगळी याच कुळातली. कार्यक्रमाआधी कर आणि कार्यक्रमानंतरही कर. नंतरचं सगळे विसरतात.

पूर्वरंग

स्टेजच्या प्रश्नाला कोणी हात घातलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. मी मेटल ऐकत नाही. माझा मुलगा ऐकतो, त्यानं हा धागा दाखवला. माझ्या वडिलांनी ग्वाल्हेर, झाशी, इंदूर, देवास या भागात मराठी मंडळींपुढं नारदीय कीर्तनं केली, मी पेटीवर साथ केली.

कीर्तनकार दोन-दोन तास एकटा उभा असतो. समोर सतरंजीवर आजीबाई, मागं झोपाळलेली पोरं. वडील उभे राहिले की आधी काहीच करत नसत. झांजा हातात, डोळे मिटलेले, पेटीचा सूर भरू देत. सभा आपोआप गप्प व्हायची. मग नमन. लोकांना जागं करायला ते आवाज वाढवत नसत, आवाज खाली आणत. लोक पुढं झुकून ऐकू लागले की मग उंच टिपेला जात. टीप परिणामकारक होते ती आधीच्या शांततेमुळं.

खुर्च्यांवर बसलेल्या लोकांना उठा, उड्या मारा असं लगेच सांगू नकोस. आधी त्यांना सोपं काहीतरी दे. कीर्तनात 'पुंडलिक वरदे' म्हटलं की पुढचं 'हरि विठ्ठल' सभाच म्हणते, ते तिच्या तोंडी बसलेलं असतं. तुझ्या गाण्यात असा एखादा दोन अक्षरी हुंकार असेल तर तो पहिल्या गाण्याआधी लोकांना शिकव. ग्वाल्हेरला हिंदीत बोल, आपल्या समाजाचा कार्यक्रम असेल तर मराठीत बोल, आणि खऱ्या आवाजात बोल. मुलानं मला काही चित्रफिती दाखवल्या, पोरं दोन गाण्यांच्या मधेही गुरगुरत बोलतात. लोकांना मग माणूस भेटतच नाही.

आणि पोवाड्यात शाहिराच्या मागं झीलकरी असतात. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी 'जी जी जी' उचलतात, तेवढ्यात शाहीर श्वास भरतो. तुझे साथीदार तोंड मिटून का वाजवतात?

काळा_टीशर्ट

पूर्वरंग काका, साष्टांग नमस्कार. झीलकऱ्यांना आमच्याकडे गँग व्होकल म्हणतात आणि ती नेमकी याच कारणासाठी असतात.

सभेला बसवून मग उठवण्याची युक्ती स्लिपनॉट बँडचा गायक कोरी टेलर वापरतो. हजारो लोकांना जमिनीवर बसवतो, थांबतो, थांबतो, आणि एका शब्दावर सगळे उसळतात. त्यातही ताकद थांबण्यात आहे.

एक गंभीर गोष्ट जोडतो. समोर गर्दी उसळली की तिची जबाबदारी स्टेजवरच्यांचीही असते. २०१० मध्ये प्रागला लॅम्ब ऑफ गॉडच्या कार्यक्रमात स्टेजवर चढलेला एक मुलगा खाली पडला आणि पुढं दगावला. गायक रँडी ब्लाइथला २०१२ मध्ये अटक झाली, २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला. दोष मुख्यतः व्यवस्थेचा ठरला. पण खटल्याला उभं राहायला तो स्वतःहून परत तिथं गेला होता. कॉलेजच्या स्टेजला कठडे नसतात. कोणी पडलं तर गाणं तिथल्या तिथं थांबवायचं, हे चौघांनी आधीच ठरवून ठेवा.

बेभान_बीट

सांजवेल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'वाट बंद झाली' हे माझ्या एका मित्राचंही झालंय, तो आता गातच नाही. मी फाटलेल्या आवाजाच्या प्रेमात अजूनही आहे, पण तो फाटलेला ऐकू यावा, फाटू नये, हे मान्य.

एक प्रत्यक्ष सूचना, मी ड्रम वाजवतो म्हणून. स्टेजवर आमचे हात पळतात. तालमीत मिनिटाला १६० ठोक्यांवर असलेलं गाणं स्टेजवर १७० वर जातं आणि कोणाला कळत नाही. मग तुझ्या श्वासाच्या जागा आक्रसतात. ड्रमरच्या कानात क्लिक (ठरलेल्या लयीची टिकटिक) द्या. गळे जातात त्यात आमचाही वाटा असतो.

लष्करचा_गळा

धागा वर काढतोय, आठ आठवड्यांनी. उशिराबद्दल क्षमस्व, सांगण्यासारखं होईपर्यंत थांबलो.

पहाटेचा खर्ज सुरू केला. पहिले काही दिवस आजोबा काही बोलले नाहीत. दहाव्या दिवशी तानपुरा घेऊन खोलीत आले आणि शेजारी बसले. मग मी त्यांना जानेवारीची खरी हकीकत सांगितली, हस्सूखाँसकट. ते बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, ती गोष्ट मला माझ्या गुरूंनी सांगितली तेव्हा ते रडले होते, ते मी तुला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर ते तालमीला आले. हजिऱ्याजवळ आमची खोली आहे, तानसेनाची समाधी तिथून जवळच. कानात कापूस घालून कोपऱ्यात खुर्चीवर बसले. गाणी त्यांना आवडली नाहीत, तसं सांगितलंही. पण बोटांवर काहीतरी मोजत होते. संपल्यावर म्हणाले, 'तिसऱ्या गाण्यात शेवटच्या ओळीआधी तू श्वास चोरतोस. अर्धा भरतोस आणि पूर्ण खर्च करतोस.' तीन वर्षांत आम्हा चौघांपैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता त्या जागी बेसवाला आणि गिटारवाला मिळून आधीची ओळ उचलतात, मला दोन मात्रा मोकळ्या मिळतात. शब्दांच्या वहीत सगळ्या गाण्यांच्या श्वासाच्या जागा लाल पेननं लिहिल्यात.

गेल्या शनिवारी एका छोट्या सभागृहात कार्यक्रम झाला. साठेक लोक, सगळे खुर्च्यांवर. माइक खालच्या बाजूनं धरला, एका कानात प्लग, मॉनिटर समोर. साउंडवाल्या दादांना एक गाणं ऐकवलं, त्यांनी एको स्वतःहून काढला. सुरुवातीला मी काही न करता उभा राहिलो. पूर्वरंग काका, त्या दहा सेकंदांत माझे पाय लटपटत होते, पण सभागृह खरंच शांत झालं. मग हिंदीत, साध्या आवाजात, हुंकार शिकवला. पहिल्यांदा पंधरा-वीस लोकांनी दिला, दुसऱ्यांदा बहुतेक सगळ्यांनी. चौथ्या गाण्याला मागच्या दोन रांगा उभ्या होत्या.

तिसऱ्या गाण्यात स्क्रीम लागली आणि लागून राहिली. तिच्यानंतर ड्रमच्या तुकड्यात माइक बाजूला करून मी हळूच एक सा लावून पाहिला. स्वच्छ होता.

पाचही गाणी गायलो. घरी येऊन स्ट्रॉ आणि ग्लास घेऊन बसलो, आईनं काही न विचारता वाफेचं पाणी तापवून ठेवलं होतं.

२०२३ साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हटलं, त्यात आमच्यासारख्यांची गणती होते की नाही मला माहीत नाही. पण मावशी, जोतं एकच आहे हे मला आता अंगात कळतंय.

पुढच्या महिन्यात दोन कार्यक्रम आहेत. त्याआधी, उद्या सकाळी दहाला, पुन्हा दुर्बीण.

मंद्रसप्तक

वाचून डोळे भरून आले रे. आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या गुरूंच्या रडण्याचं तू इथं लिहिलंस हे फार बरं केलंस, आमच्या पिढीला ते कोणी सांगितलं नव्हतं.

सांजवेल

माइक बाजूला करून सा लावून पाहिलास! हे मला सुचलं नव्हतं, आता मीही करणार.

कंठमणी

स्ट्रोबोस्कोपी मिळते का विचार, आणि चित्रण मागून घे. पुढच्या वर्षी तुलनेला उपयोगी पडेल. आज रात्रीचं जेवण सातच्या आत, आणि सकाळी घसा खाकरू नकोस. काय दिसलं ते इथं लिही.